बटणं गेली, स्टेपनी गेली: नव्या गाड्यांच्या सुरक्षिततेविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळची बरीचशी पत्रं एकाच तक्रारीची आहेत. गाडी नवी, क्रॅश टेस्टमध्ये तारे चांगले, पण रोज हाताशी लागणाऱ्या साध्या गोष्टी एक तर नाहीशा झाल्या आहेत किंवा सापडत नाहीत. कुठे खर्च वाचवण्यासाठी, कुठे गाडी देखणी दिसावी म्हणून. यातलं काय खरोखर धोक्याचं आणि काय चालून जाण्यासारखं, हे वेगळं करून सांगायचा प्रयत्न इथे केला आहे.

प्रश्न: माझ्या नव्या गाडीत एसी, समोरच्या काचेवरचं धुकं घालवणं, आरशांची जुळणी, सगळं मधल्या स्क्रीनवर आहे. चालवताना हात चाचपडत राहतो. मला सवय नाही म्हणून असं होतं, की गाडीतच खोट आहे?

खोट गाडीत आहे. बटण बोटांना न बघता सापडतं, कारण त्याला कड असते, उंची असते, दाबल्यावर ते टक् करतं. स्क्रीन सगळीकडे सारखीच सपाट लागते, त्यामुळे डोळ्यांना रस्ता सोडावाच लागतो. ताशी १०० किमी वेगाला गाडी एका सेकंदात सुमारे २८ मीटर जाते.

‘व्ही बिलेगारे’ या स्वीडिश मासिकाने २०२२ मध्ये विमानतळाच्या बंद धावपट्टीवर हेच मोजलं. ताशी ११० किमी वेगाने जाताना सीट गरम करणं, काचेवरचं धुकं घालवणं, ठरावीक रेडिओ केंद्र लावणं, स्क्रीनचा उजेड कमी करणं अशी कामं चालकांनी करायची होती, आणि गाडी समजून घ्यायला आधी वेळ दिला होता. बटणं असलेल्या २००५ च्या व्होल्वो व्ही ७० मध्ये सगळी कामं १० सेकंदांत आणि ३०६ मीटरमध्ये आटोपली. सर्वांत मागे राहिलेल्या नव्या गाडीत त्यांना ४४.९ सेकंद लागले. तेवढ्यात गाडी १,३७२ मीटर पुढे गेली होती.

बटणं जाण्यामागचं कारण बरंचसं पैशाचं आहे. प्रत्येक बटणाला साचा लागतो, आतला छोटा दिवा लागतो, वायर लागते, ते हजारो वेळा दाबून बघायची चाचणी लागते. स्वस्त व्हेरिअंटमध्ये जी सोय नाही, तिच्या जागी कोरं झाकण बनवावं लागतं. स्क्रीन मात्र एकच, बाकीचं काम सॉफ्टवेअरचं. मागचा कॅमेरा अमेरिकेत मे २०१८ पासून सक्तीचा झाल्यावर स्क्रीन तर लागणारच होती. मग तिच्यावरच सगळा भार टाकणं सोयीचं झालं. डॅशबोर्ड मोकळा आणि आधुनिक दिसतो, हा वरचा फायदा.

युरोपात गाड्यांना क्रॅश टेस्टचे तारे देणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेने जानेवारी २०२६ पासून इंडिकेटर, हझार्ड दिवे, हॉर्न, वायपर आणि आपत्कालीन कॉल यांना स्वतंत्र, हाताने चालणारं बटण किंवा दांडी नसेल तर गुण कापायला सुरुवात केली आहे. हा कायदा नाही, पण ताऱ्यांवर विक्री ठरते म्हणून कंपन्या ऐकतात. जर्मनीत कार्ल्सरुहेच्या उच्च न्यायालयाने २०२० मध्येच एका चालकाचा दंड आणि महिनाभराची वाहनबंदी कायम ठेवली होती. पावसात वायपरचा वेग स्क्रीनवरून बदलताना त्याची गाडी रस्त्याबाहेर गेली होती, आणि ती स्क्रीन मोबाइलसारखंच उपकरण धरली गेली.

तुमच्या हातात आता काय आहे? गाडी उभी असताना डोळे मिटून हझार्ड, हॉर्न, वायपरचा वेग, हेडलाइट आणि समोरची काच साफ करण्याची सोय शोधून बघा. जे सापडत नाही, त्याचा पर्याय आधीच ठरवून ठेवा. स्टिअरिंगवरच्या एखाद्या बटणाला आवडीचं काम नेमून देता येतं का, ते मॅन्युअलमध्ये बघा. एसी ‘ऑटो’वर ठेवला तर निम्म्या वेळा हात लावावा लागत नाही. काच धुरकटली तर बाहेरची हवा आत घ्या, एसी चालू ठेवा, तापमान वाढवा आणि हवेचा झोत काचेकडे वळवा. आतलीच हवा फिरत ठेवली, तर श्वासातली वाफ आतच राहते आणि काच आणखी धुरकटते. हे चार बदल स्क्रीनवर कोणत्या क्रमाने होतात, ते कोरड्या दिवशी बघून ठेवा. स्क्रीन गोठली तर ती पुन्हा सुरू करायची पद्धत प्रत्येक गाडीत वेगळी असते, आणि तीही आधीच माहीत हवी.

प्रश्न: एवढ्याशा खर्चासाठी मोठ्या कंपन्या खरंच सुरक्षिततेशी तडजोड करतात का? की हे आपलं उगाच?

उगाच नाही. जनरल मोटर्सच्या किल्लीच्या स्विचचं प्रकरण जगभर माहीत आहे. किल्ली ‘चालू’ जागी धरून ठेवणारी आतली छोटी स्प्रिंग आणि खटका यांचा जोर ठरवलेल्या मापापेक्षा कमी होता. किल्लीला जड जुडगा लटकत असला किंवा गुडघा लागला, की किल्ली मागे सरकायची, इंजिन बंद पडायचं, स्टिअरिंग आणि ब्रेकची मदत जायची, आणि नेमक्या त्या क्षणी धडक बसली तर एअरबॅग उघडायच्या नाहीत. २०१४ मध्ये सुमारे २६ लाख छोट्या गाड्या परत बोलवाव्या लागल्या. कंपनीच्याच भरपाई निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. आतला भाग आधी, २००६ च्या सुमारास, गुपचूप सुधारला गेला होता, पण भागाचा क्रमांक तोच ठेवला गेला. त्यामुळे जुना आणि नवा स्विच बाहेरून ओळखूच येत नव्हता.

टकाटा या जपानी सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीच्या एअरबॅगांची गोष्ट याहून मोठी आहे. पिशवी फुगवणाऱ्या स्फोटक मिश्रणासाठी अमोनियम नायट्रेट वापरलं गेलं, कारण ते स्वस्त होतं. ते हवेतली ओल शोषतं, आणि उष्णतेच्या चढउतारात वर्षानुवर्षं राहिलं की त्याच्या वड्या सच्छिद्र होतात. मग ते ठरल्यापेक्षा फार वेगाने जळतं, धातूचं कवच फुटतं आणि त्याचे तुकडे माणसाच्या अंगात घुसतात. एकट्या अमेरिकेत या कंपनीचे सुमारे ६ कोटी ७० लाख इन्फ्लेटर, म्हणजे पिशवी फुगवणारे भाग, परत बोलावले गेले. ओल शोषणारा पदार्थ आत घातलेला नव्हता, तिथे धोका सर्वाधिक.

गाडीचा १७ अंकी-अक्षरी चॅसिस क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून तिच्यावर रिकॉल, म्हणजे दोष दुरुस्तीसाठी परत बोलावणं, बाकी आहे का, ते बघता येतं. वापरलेली गाडी घेताना हे सौदा ठरण्याआधी करा. रिकॉलची दुरुस्ती कंपनी करून देते, पण मालक बदलल्यावर पत्र जुन्याच पत्त्यावर जात राहतं.

प्रश्न: दाराची हँडलं दारात बुडालेली आहेत आणि गाडी सुरू केल्यावरच बाहेर येतात. अपघातात वीज गेली तर दार उघडणार कसं?

हा प्रश्न गाडी घ्यायच्या आधी विचारण्याचा आहे. अशा दारांत हँडल लॅचला, म्हणजे दार अडकवून ठेवणाऱ्या खटक्याला, थेट ओढत नाही. ते फक्त एक विजेचा संकेत देतं, आणि लॅच छोटी मोटर उघडते. मोटरला वीज मिळते ती साध्या १२ व्होल्टच्या बॅटरीकडून. इलेक्ट्रिक गाडीत मोठी बॅटरी भरलेली असली तरी १२ व्होल्टची बॅटरी बसली किंवा धडकेत तिची वायर तुटली, तर बाहेरचं हँडल निकामी होऊ शकतं. बुडालेल्या हँडलांमुळे हवेचा रोध थोडा कमी होतो खरा, पण मुख्य आकर्षण दिसण्याचं आहे. चीनने नव्या गाड्यांसाठी १ जानेवारी २०२७ पासून बाहेरून आणि आतून यांत्रिक पद्धतीने दार उघडता येणं बंधनकारक केलं आहे. आमच्या मते हा नियम सगळीकडे यायला हवा.

आजच करायचं काम: गाडीचं मॅन्युअल घेऊन चारही दारांची आतली यांत्रिक खीळ शोधा. पुढच्या दारांना ती बहुधा हाताशी असते. मागच्या दारांत मात्र ती दाराच्या कप्प्यातल्या रबरी चटईखाली, स्पीकरच्या जाळीमागे किंवा प्लास्टिकच्या झाकणाआड दडवलेली असते, आणि काही मॉडेलांत मागे ती नसतेच. मागे बसणाऱ्या प्रत्येकाला, मुलांनासुद्धा, ती दाखवा आणि एकदा ओढायला लावा. काचेभोवती चौकट नसलेल्या दारात सरावाआधी काच खाली करून घ्या. विजेवर दार उघडताना अशी काच स्वतःहून किंचित खाली सरकते. यांत्रिक खीळ ओढली तर सरकत नाही, आणि वरची रबरी पट्टी किंवा काच खराब होऊ शकते. खऱ्या संकटात अर्थातच काचेचा विचार करू नका.

दार उघडलं नाही तर काच फोडावी लागते, आणि इथेच बहुतेकांची समजूत चुकते. काच फोडायचं स्प्रिंगचं पेन किंवा छोटी हातोडी फक्त टफन, म्हणजे तापवून कणखर केलेल्या काचेवर चालते. शांतता आणि सुरक्षिततेसाठी हल्ली अनेक गाड्यांच्या बाजूच्या काचाही लॅमिनेटेड असतात, म्हणजे दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पापुद्रा. अमेरिकेतल्या ट्रिपल ए या वाहनचालक संघटनेने २०१९ मध्ये सहा साधनं तपासली. चारांनी टफन काच फोडली. लॅमिनेटेड काच एकालाही फुटली नाही. काचेच्या खालच्या कोपऱ्यात छापलेलं चिन्ह वाचा, तिथे काचेचा प्रकार लिहिलेला असतो. बऱ्याच गाड्यांत पुढच्या दोन काचा लॅमिनेटेड आणि मागच्या टफन असतात. तुमच्या गाडीत कोणती काच फुटणारी आहे, ते लक्षात ठेवा. साधन चालकाच्या हाताला लागेल असं बांधून ठेवा, आणि काचेच्या मध्यावर नको, कोपऱ्याजवळ वापरा. गाडी पाण्यात गेली, तर विजेच्या काचा सहसा सुरुवातीचा थोडा वेळ चालतात. पट्टा सोडा, लगेच काच खाली करा, बाहेर पडा. दार ढकलण्यात वेळ घालवू नका. बाहेरच्या पाण्याचा दाब ते उघडू देत नाही.

प्रश्न: नव्या गाडीत स्टेपनीऐवजी एक बाटली आणि छोटा कंप्रेसर दिला आहे. त्याच्या भरवशावर लांबचा प्रवास करावा का?

खिळ्याने झालेल्या पंक्चरपुरता भरवसा ठेवा, त्यापुढे नाही. बाटलीतला चीक टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या भागातलं साधारण ४ ते ६ मिमीपर्यंतचं भोक बुजवतो. बाजूची भिंत फाटली, खड्ड्यात रिम वाकली किंवा हवा गेलेल्या टायरवर काही अंतर चालवलं गेलं, तर बाटली उपयोगाची नाही. आणि लांबच्या वाटेवर टायर जातो तो बऱ्याचदा असाच जातो.

वापरायची वेळ आली, तर खिळा उपटू नका. तो भोक अर्धं बुजवूनच असतो. बाटली हलवा, नळी व्हॉल्व्हला घट्ट बसवा, कंप्रेसर लावा. सुरुवातीला दाब खूप चढलेला दिसेल, कारण चीक व्हॉल्व्हमधून जात असतो; थोड्या वेळाने तो उतरतो. कंप्रेसर सलग १० मिनिटांहून जास्त चालवला तर तापून जळतो. तेवढ्यात किमान दाब आला नाही, तर भोक मोठं आहे असं समजा आणि टो गाडी बोलवा. दाब आला तर लगेच निघा, कारण चीक आत पसरायला चाक फिरावं लागतं. काही किलोमीटरवर थांबून दाब पुन्हा बघा. तो १.३ बारच्या खाली गेला असेल तर पुढे जाऊ नका. ताशी ८० किमीच्या वर जायचं नाही, आणि दुरुस्तीच्या वेळी आत चीक आहे हे आधी सांगायचं, म्हणजे प्रेशर सेन्सर साफ केला जाईल. बाटलीला मुदत असते, बहुधा चार वर्षं. ती उलटलेली बाटली घट्ट झालेली असते.

कंपन्या स्टेपनी का काढतात? चाक, जॅक आणि पाना मिळून १५ ते २० किलो सहज होतात. ते गेले की वजन, खर्च आणि इंधनाचा आकडा तिन्ही उतरतात. शिवाय डिकीखालची जागा बॅटरीला किंवा एक्झॉस्टला मिळते. डिकीच्या तळाशी गोल खळगा असेल, तर त्या मॉडेलची बारीक, तात्पुरती स्टेपनी वेगळी मिळू शकते. ती जरूर घ्या. तिच्यात ४.२ बार, म्हणजे सुमारे ६० पीएसआय हवा लागते, आणि वेग तिथेही ताशी ८० किमीच. वर्षानुवर्षं न तपासल्यामुळे नेमक्या वेळी तीच बसलेली निघते. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत पुढचा टायर पंक्चर झाला, तर मागचं चांगलं चाक पुढे लावा आणि बारीक स्टेपनी मागे. दोनदा जॅक लावण्याचा त्रास होतो, पण ओढ, वळण आणि जास्तीचं ब्रेकिंग पूर्ण मापाच्या टायरवर राहतं. खळगा नसेल आणि चाक डिकीत ठेवायचं असेल, तर ते पट्ट्याने जखडा. धडकेत सुटलेलं चाक सीटची पाठ फोडून पुढे येऊ शकतं.

प्रश्न: रात्री पुढचे दिवे लागलेले असूनही काही गाड्यांच्या मागे अंधार का असतो?

कारण ते हेडलाइट नसतात, दिवसा लावायचे डीआरएल असतात. युरोपात नव्या मॉडेलांना ते २०११ पासून सक्तीचे झाले. अनेक गाड्यांत डीआरएल चालू असताना मागचे लाल दिवे बंदच राहतात. पूर्वी हेडलाइट लावले नाहीत तर मीटर अंधारात दिसायचे नाहीत, तीच आठवण असायची. आता मीटरची जागा स्क्रीनने घेतली, ती कायम उजळलेली, आणि समोर रस्त्यावर डीआरएलचा थोडा उजेडही पडतो. चालकाला वाटतं, सगळे दिवे लागले आहेत. कॅनडाने सप्टेंबर २०२१ पासून नव्या गाड्यांसाठी तीन पर्याय ठेवले: डीआरएलबरोबर मागचे दिवे लागावेत, किंवा अंधार पडताच सगळे दिवे आपोआप लागावेत, किंवा हेडलाइट लावेपर्यंत चालकासमोरचे मीटर अंधारात राहावेत. तिन्हींपैकी एकालाही फारसा खर्च नाही.

तुमची गाडी यातली आहे का, ते संध्याकाळी खाली उतरून मागे उभं राहून बघा. हेडलाइटचं बटण कायम ‘ऑटो’वर ठेवलं, तरी धुक्यात आणि दिवसाच्या मुसळधार पावसात भरवसा ठेवू नका, सेन्सर उजेड मोजतो आणि पांढरं धुकं त्याला उजेडच वाटतं. तिथे दिवे हाताने लावायचे. डॅशबोर्डवर दिव्याची हिरवी खूण दिसली, म्हणजे मागचेही लागले.

प्रश्न: मागचे इंडिकेटर खाली बंपरमध्ये का गेलेत?

मागच्या दारभर पसरलेल्या लाल पट्टीमुळे. मागचं दार उघडं असतानाही इंडिकेटर दिसले पाहिजेत, असा नियम आहे. सगळे दिवे दारावर घेतले की गाडीच्या स्थिर भागावर आणखी एक संच लावावा लागतो, आणि उरते ती बंपरची जागा. संयुक्त राष्ट्रांच्या नियमावलीप्रमाणे इंडिकेटर जमिनीपासून ३५० मिमी उंचीवर असला तरी चालतो. म्हणून हे कायदेशीर आहे, पण गर्दीत चिकटून चालणाऱ्या मागच्या चालकाला तो त्याच्या बॉनेटमुळे दिसत नाही, चिखलाने तो आधी माखतो आणि किरकोळ धक्क्यातही फुटतो.

दिव्याची जागा आणि रंग यांनी फरक पडतो, याला आकडे आहेत. अमेरिकेत १९८६ च्या मॉडेलांपासून काचेजवळ उंचावर तिसरा ब्रेकलाइट सक्तीचा झाला. त्यामुळे मागून होणाऱ्या धडका दीर्घकाळात ४.३ टक्क्यांनी घटल्याचं तिथल्या वाहतूक सुरक्षा प्रशासनाने मोजलं. अमेरिकेत मागचा इंडिकेटर लाल असला तरी चालतो. वळताना किंवा लेन बदलताना मागून बसणाऱ्या धडका पिवळ्या इंडिकेटरच्या गाड्यांत ५.३ टक्क्यांनी कमी असल्याचं त्याच संस्थेच्या अभ्यासात दिसलं. तुमच्या गाडीत इंडिकेटर खाली असतील, तर दिवे पुसत चला आणि इंडिकेटर नेहमीपेक्षा थोडा लवकर द्या.

प्रश्न: समोरच्या काचेच्या बाजूचे खांब इतके जाड आहेत की वळणावर माणूस दिसत नाही. मजबुतीसाठी हे आवश्यकच आहे का?

मजबुती आवश्यक, जाडी तेवढी नाही. गाडी उलटली तर छत दबू नये म्हणून अमेरिकेने २००९ मध्ये छताने सोसायचा भार गाडीच्या वजनाच्या दीडपटीवरून तिप्पट केला. खांबात पडदा-एअरबॅगही बसवायची असते. अतिमजबूत पोलाद वापरून खांब बारीक ठेवता येतो, पण ते महाग. शिवाय काच पुढे झुकलेली आणि खिडक्या छोट्या असल्या की गाडी वेगवान दिसते. त्या झुकण्यामुळे खांब नजरेच्या वाटेत आणखी येतो.

हा फरक किती मोठा, ते मोजून बघण्यासारखं आहे. दोन डोळ्यांत साधारण साडेसहा सेंमी अंतर असतं, म्हणून बारीक खांबाच्या आडचा बराच भाग एक ना एक डोळा बघत असतो. डोळ्यांपासून ७५ सेंमीवर ८ सेंमी रुंदीचा खांब असेल, तर २० मीटरवर दोन्ही डोळ्यांना न दिसणारी पट्टी जेमतेम अर्ध्या मीटरची असते. खांब १२ सेंमीचा केला, की ती दीड मीटरची होते. खांब दीडपट, लपलेला भाग तिप्पट! त्या पट्टीत पायी चालणारा माणूस किंवा समोरून येणारी मोटारसायकल पूर्ण मावते. तुमचं वळण आणि त्याची चाल जुळली, तर तो अखेरपर्यंत त्याच पट्टीत राहतो.

गाड्यांच्या सुरक्षिततेच्या चाचण्या करणाऱ्या अमेरिकेतल्या आयआयएचएस या संस्थेने २०२५ मध्ये जुन्या-नव्या मॉडेलांची तुलना केली. १९९७ च्या होंडा सीआर-व्हीमध्ये पुढच्या १० मीटर भागापैकी ६८ टक्के दिसायचं, २०२२ च्या मॉडेलमध्ये २८ टक्के. त्यात खांबाबरोबर उंच बॉनेट आणि मोठ्या आरशांचाही वाटा आहे.

चौकात वळण्याआधी कमरेतून पुढे आणि बाजूला झुकून बघा. फक्त मान वळवली तर खांब तिथेच राहतो. सीट शक्य तितकी उंच घ्या. खांबावर मोबाइलचा स्टँड लावू नका. गाडी घेताना दुसऱ्या कुणाला खांबाच्या रेषेत २० मीटरवर उभं करा आणि तो दिसतो का बघा.

प्रश्न: मागे डिस्कऐवजी ड्रम ब्रेक आहेत. कंपनीने पैसे वाचवले, म्हणजे गाडी असुरक्षित झाली का?

नाही. ब्रेक लागताच वजन पुढे सरकतं आणि बहुतांश काम पुढचे ब्रेक करतात. हलक्या गाडीत चांगले पुढचे डिस्क, एबीएस आणि उत्तम टायर असतील, तर मागच्या ड्रममुळे थांबण्याच्या अंतरात फार फरक पडत नाही. लांब उतारावर ड्रम लवकर तापतात हे खरं. तिथे खालच्या गिअरचा आधार घ्या. इलेक्ट्रिक गाडीत तर मोटरच गाडीचा वेग कमी करते, मागचे ब्रेक क्वचित लागतात आणि उघड्या डिस्कवर गंज चढतो. फोक्सवॅगनने आयडी ३ आणि ४ मध्ये मागे ड्रम दिले, त्यामागे हेही कारण आहे. पैसे मागच्या डिस्कवर नव्हे, चांगल्या टायरवर घाला.

प्रश्न: १६ इंचाऐवजी १८ इंची अलॉय घ्यावेत का?

दिसायला छान, पण काय देताय ते बघा. २०५/५५ आर १६ (मिमीत रुंदी, रुंदीच्या टक्क्यांत भिंतीची उंची, इंचांत रिम) टायरची भिंत सुमारे ११३ मिमी उंच असते, २२५/४० आर १८ ची ९० मिमी. बाहेरचा व्यास जवळजवळ तोच, म्हणून मीटरची चूक एका टक्क्याच्या आत राहते. पण खड्ड्यात धक्का पचवायला रबर कमी उरतं. रिम वाकते किंवा भिंतीतले धागे तुटून फुगा येतो, आणि फुगा आलेला टायर कधीही फुटू शकतो.

टायरवर मापापुढे छापलेला भाराचा क्रमांक बहुतेकजण बघतच नाहीत. मूळ टायरचा ९१ असेल तर तो ६१५ किलो पेलतो. २२५/४० आर १८ मध्ये साध्या टायरचा क्रमांक ८८, म्हणजे ५६० किलो. ‘एक्सएल’ (जास्त भार पेलणारा) शिक्क्याचा ९२, म्हणजे ६३०. तिथे एक्सएलच घ्यायचा, आणि हवाही त्याच्या तक्त्याप्रमाणे जास्त भरायची. गाडीत स्टेपनी १६ इंची असेल, तर तिला तात्पुरतीच समजा.

प्रश्न: बेस व्हेरिअंट आणि वरच्या व्हेरिअंटमध्ये तारे सारखेच असतील, तर मागे बसणाऱ्यांसाठी काय बघावं?

आधी हे बघा, की तारे कोणत्या व्हेरिअंटला आणि किती एअरबॅगांसह मिळाले. अहवालात ते लिहिलेलं असतं.

मग मागच्या सीटवर स्वतः जाऊन बसा. पुढच्या पट्ट्यांना दोन गोष्टी असतात: धडकेच्या क्षणी ढिलाई खेचून घेणारा प्रीटेन्शनर, आणि ताण ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की पट्टा थोडा सोडून बरगड्या वाचवणारा लोड लिमिटर. मागच्या पट्ट्यांत या दोन्ही गोष्टी अनेकदा नसतात, आणि माहितीपत्रकात त्यांची नोंद शोधावी लागते. आयआयएचएसने डिसेंबर २०२२ मध्ये समोरच्या धडकेच्या चाचणीत चालकामागे छोट्या चणीचा पुतळा बसवायला सुरुवात केली, तेव्हा पुढे उत्तम ठरलेल्या अनेक गाड्या मागे कमी पडल्या. पट्टा पोटावर सरकतो, हा त्यातला मोठा दोष. म्हणून कमरेचा पट्टा मांड्यांच्या वर, हाडावर घट्ट बसवा आणि पाठ सरळ ठेवा.

मधल्या जागेला तीन बिंदूंचा पट्टा आहे की नुसता कमरेचा? नुसता कमरेचा असेल, तर तिथे रोज कुणी बसू नये. डोक्याचा आधार वर ओढून बघा. त्याची वरची कड माथ्यापेक्षा ६ सेंमीहून खाली नको, आणि डोक्यामागे ७ सेंमीपेक्षा जास्त पोकळी नको. सीटला जोडलेले छोटे, न सरकणारे आधार दिसायला सुबक असतात, पण उंच माणसाच्या मानेशीच थांबतात आणि मागून धडक बसली की डोकं त्यांच्यावरून मागे जातं. मुलांची सीट असेल, तर ती सोबत न्या आणि शोरूममध्येच बसवून बघा. मुलांची सीट अडकवायच्या आयसोफिक्सच्या कड्या गाद्यांत इतक्या खोल दाबलेल्या असतात, की सीटचे आकडे नीट अडकत नाहीत, आणि हे घरी गेल्यावर कळून उपयोग नसतो.

प्रश्न: समोरची काच तडकली. बाहेर स्वस्तात बदलून घेऊ का?

काचेच्या वरच्या भागात, आरशामागे कॅमेरा असेल, तर नुसती काच बदलून काम संपत नाही. आपोआप ब्रेक लावणं आणि लेन धरून ठेवणं या कॅमेऱ्यावर चालतं. काच किंचित वेगळ्या जाडीची असली किंवा कॅमेऱ्याचा कंस जरासा तिरका बसला, तरी गाडीला समोरची वस्तू चुकीच्या जागी दिसते. काच बसवल्यावर कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्याची नजर पुन्हा अचूक जुळवणं, करून देणार का, आणि त्याचा छापील अहवाल मिळणार का, हे आधी विचारा. मूळ काचेत गरम होणारी तार, पावसाचा सेन्सर किंवा काचेवर वेग वगैरे दाखवणाऱ्या डिस्प्लेसाठीचा खास पापुद्रा असेल, तर नव्या काचेत तो आहे ना, तेही. नवी काच चिकटवणारा गोंद वाळायला ते सांगतील तेवढा वेळ गाडी हलवू नका. धडकेत पुढच्या प्रवाशाची एअरबॅग त्याच काचेचा आधार घेऊन उघडते.